पहिल्या कमानीखालची काच

मी जुने पूल शोधत फिरते हे आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. हिंगणघाटच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलींना आपापल्या गावच्या नाल्याचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. अल्लीपूरच्या बाजूने येणाऱ्या एका मुलीने नाल्यावर तीन कमानींचा पूल काढला आणि खाली लिहिलं, 'हा पूल इंग्रजांच्या वेळचा आहे. याच्याखाली कोणी जात नाही.' का जात नाही म्हणून मी विचारलं, तर ती म्हणाली, भेव लागते.

त्या रविवारी मी स्कूटी काढून तो पूल बघायला गेले. भावाने नवा कॅमेरा घेतल्यावर जुना मला दिला होता, तो बरोबर घेतला. डांबरी रस्त्यावरून जाताना तिथे पूल आहे हे कळतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे कठडे आणि मध्ये खड्डे, एवढंच दिसतं. मी स्कूटी लावली, बेशरमाच्या झुडपांतून वाट काढत खाली उतरले आणि वर बघितलं तेव्हा दचकलेच. काळ्या दगडाच्या तीन मोठ्या कमानी, एकेक दगड घासून बसवलेला, सांध्यांत चुना. इतकं देखणं काम आणि वरून जाणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही.

मी मधल्या कमानीकडे निघाले तेवढ्यात मागून कुणीतरी हळू आवाजात थांबवलं. डोक्याला मळकट दुपट्टा बांधलेले एक वयस्क गृहस्थ विळा हातात घेऊन उभे होते. बकऱ्यांसाठी गवत कापत होते.

"मॅडम, मधात जाऊ नका. आग्या बसला हाये."

मी वर पाहिलं. मधल्या कमानीच्या पोटाला सुपाएवढं काळं काहीतरी चिकटलेलं होतं आणि ते हलत होतं. लाखभर मधमाश्या असतील. मी तशीच मागच्या मागे सरकत आले. ते मात्र शांतपणे गवत कापत राहिले आणि कापता कापता बोलत राहिले. याच रस्त्यावर त्यांनी मैलकुलीचं काम केलं होतं. खड्डे भरायचे, कडेची झाडं छाटायची, पावसाळ्यात पुलाच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या. आता निवृत्त होते. पुलापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर होतं. त्यांची बायको बाहेर आली, दोघं आपसांत गोंडीत काही बोलले आणि ती माझ्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आली. मी त्यांना बाबाजी म्हणू लागले ते त्याच दिवसापासून.

मधली कमान माश्यांची होती म्हणून मी पहिल्या कमानीचा फोटो घेतला. खाली उभं राहून, वर बघत. पुढे दर जानेवारीत मी तिथे जायची आणि त्याच जागी, त्याच दगडावर उभी राहून तोच फोटो घ्यायची. भूगोल शिकवणाऱ्याला अशी सवय असते. नाला किती सरकला, गाळ किती साचला, हे बघायचं असतं.

तिथून हे वेडच लागलं. पुलगाव-आर्वीच्या छोट्या लाइनवरचे पूल मी पाहिले. कापसाच्या शेतांमधून जाणारे, रूळ बाभळीखाली बुजलेले. नवा रस्ता झाल्यावर बाजूला एकटे पडलेले पूल पाहिले. प्रत्येक ठिकाणी भीती असायचीच. पुलाचा फोटो काढायचा तर खाली उतरावं लागतं आणि खाली काय असेल ते वरून दिसत नाही. एकदा पायाशी कात टाकलेली दिसली आणि ती अजून ओली होती. एकदा पुलगावच्या बाजूला, दारूगोळ्याच्या डेपोपासून आपण पुष्कळ लांब आहोत अशा समजुतीत फोटो काढत होते, तर दोन जवान सायकलवरून आले. अतिशय सभ्यपणे त्यांनी माझं नाव, गाव, शाळा विचारली आणि सगळे फोटो एकेक करून माझ्याच हाताने पुसायला लावले. पण अशी भीती घरी आल्यावर संपायची. चहा घेता घेता मी ती नवऱ्याला सांगायची आणि आम्ही हसायचो.

खरी भीती मला घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या वाटली. ती गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट.

मी अल्लीपूरकडच्या त्या पुलाचा नवा फोटो घेऊन आले होते. संध्याकाळी संगणकावर टाकला आणि सहज मागच्या वर्षांचे चारही शेजारी लावून बघितले. पहिल्या फोटोत कमानीच्या डाव्या अंगाला, दगडांच्या सांध्यासांध्यातून, केसासारखी एक रेघ होती. ती मी पूर्वीही पाहिली असेल. मला वाटलं असेल, पाणी ओघळल्याची खूण. दुसऱ्या फोटोत रेघ जरा काळी. तिसऱ्यात तिच्यातून गवताचं एक पातं बाहेर आलेलं. चौथ्यात ती रेघ उरलीच नव्हती, भेग झाली होती. आणि आजच्या फोटोत त्या भेगेच्या दोन बाजूंचे दगड एका पातळीत नव्हते. एक बाजू बोटभर खाली सरकलेली होती.

मी फोटो मोठा करत गेले. खांबाच्या पायथ्याशी, जिथे मी दर वर्षी मापासाठी छत्री टेकवून ठेवायची, तिथला एक दगड जागेवर नव्हता. त्याच्या ठिकाणी नुसता अंधार होता.

त्या पुलावरून रोज सकाळी एसटी यायची. आमच्या शाळेतल्या पाच मुली त्याच गाडीने यायच्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले, पुन्हा बघितलं. नवरा म्हणाला, जुने पूल असेच असतात, शंभर वर्षं उभा आहे, तुझ्यासमोरच पडणार आहे का? त्यांचं बरोबरही असेल. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्या पाच मुली मोजल्या. त्यानंतर रोज मोजत होते. एखादी उशिरा आली की मी फाटकापर्यंत जाऊन बघून यायची.

पुढच्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन गेले. बाबाजी घरी नव्हते, बकऱ्या घेऊन गेले होते. मी एकटीच खाली उतरले. कमानीखाली गारवा होता. भेगेपाशी हात नेला तर चार बोटं आत गेली. आत हवा थंड होती. तेवढ्यात लांबून इंजिनचा आवाज यायला लागला. नदीवरून रेती भरून येणारा टिप्पर. बाहेर पळावं हे मला सुचलंच नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

तो पुलावर चढला तेव्हा आवाज वरून नाही, दगडातून आला. माझ्या पाठीतून. मानेवर चुन्याची भुकटी पडली, मग दोन-तीन खडे पडले आणि कमानीतून एक आवाज निघाला. जड पेटी फरशीवरून ओढावी तसा. मधल्या कमानीतल्या माश्या एकदम घोंगावू लागल्या. मी डोळे मिटले होते. टिप्पर पुढे गेला आणि थांबला. वरून कुणीतरी हाक मारत होतं.

बाहेर आले तर चालक कठड्यापाशी उभा राहून खाली बघत होता. स्कूटी दिसली म्हणून थांबला होता. तिशीतला असेल. खाली काय करून राह्यल्या, पहिले बाहेर या, म्हणाला. मी वर चढून गेले. तोंडावर, केसांत चुना तसाच. मी त्याला म्हटलं की पूल तडकला आहे, खालून बघा. तो बघायला खाली उतरला नाही.

"मले माईत हाये," तो म्हणाला. "भरलेली गाडी घेऊन इथून निघालो का मी दरवाजा उघडाच ठेवतो."

मी विचारलं की मग कुणाला सांगितलं का नाही. त्याने सांगितलं, गाडी त्याची नाही, तो नुसता चालवतो. त्याने सांगितलं तर ती दुसरा चालवेल. हे तो रागाने म्हणाला नाही. मग माझ्या केसांकडे बोट दाखवून धुऊन घ्या म्हणाला आणि निघून गेला. त्याचा दरवाजा बंद होताना मी ऐकला.

बाबाजी परत येईपर्यंत मी त्यांच्या अंगणात बसून होते. मी सगळं सांगितलं तेव्हा ते बकऱ्या बांधून लगेच निघाले. माझ्याबरोबर कमानीखाली आले, दगडावर कान ठेवला, भेगेत काडी घालून बघितली. मग म्हणाले की त्यांच्या नोकरीत एक साहेब होते, ते अशा ठिकाणी काच लावायला सांगत.

"भेगेवर आडवी काच सिमेंटनं चिकटवाची. पूल शांत असन त काच राह्यते. हालून राह्यला असन त फुटते."

त्यांच्या घरात एक फुटका आरसा होता. त्याच्या तीन पट्ट्या त्यांनी दगडावर घासून सारख्या केल्या. शेजारच्या घराचं काम चाललं होतं, तिथून वाटीभर सिमेंट आणलं. शिडी नव्हती म्हणून बैलगाडीचं जुनं जू भिंतीला टेकवलं. त्यावर ते चढले आणि मी खालून धरून उभी राहिले. तीन पट्ट्या, एकीखाली एक. आम्ही ते काम करत असताना वरून दोन मोटरसायकली गेल्या आणि दोन्ही वेळा माझी मान आपोआप खांद्यांत गेली. त्यांची गेली नाही.

तो आठवडा कसा काढला ते आठवत नाही. रोज संध्याकाळी मी फोन करून विचारायची, बाबाजी, काच कशी आहे? सोमवारी ठीक होती. मंगळवारी ठीक होती. बुधवारी वरची तडकली. शुक्रवारी मधली. शनिवारी त्यांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, तिन्ही गेल्या.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. पाच वर्षांचे फोटो छापून घेतले होते आणि बाबाजींकडून आणलेले काचेचे तुकडे डब्यात ठेवले होते. तिथे एक तरुण अभियंता होती, नुकतीच बदलून आलेली. माझा अर्ज ती वाचत होती तेव्हा मला वाटत होतं, आता ही हसणार. ती हसली नाही. पाचही फोटो तिने टेबलावर ओळीने मांडले आणि पुष्कळ वेळ बघत बसली. मग मान वर करून विचारलं, "मॅडम, हे फोटो तुमच्याकडे इतकी वर्षं होते?"

एवढंच. दोष द्यायचा म्हणून तिने विचारलं नव्हतं. पण मी अजूनही रस्त्याने चालताना मध्येच ते वाक्य ऐकते.

दोन दिवसांनी ती स्वतः आली, कमानीखाली गेली, बाहेर आली आणि तिथेच उभी राहून फोन करू लागली. संध्याकाळपर्यंत पुलाच्या दोन्ही टोकांना डांबराचे पिंप ठेवले गेले. एसटी बंद झाली, टिप्पर बंद झाले. दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला आहे, असं तिने सांगितलं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तो आनंद आठवडाभरच टिकला. पूल बंद झाल्यावर गावाला तालुक्याकडे यायचं तर मोठा वळसा पडत होता. बाबाजींची सून हिंगणघाटला कामाला जायची. तिला आता पहाटे उठून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावं लागे. तिने सासऱ्याशी बोलणं सोडलं. गावात लोक म्हणू लागले की शाळेच्या मॅडमनं फोटो काढून पूल बंद पाडला. आणि माझ्या वर्गात त्या पाच मुलींपैकी दोनच यायला लागल्या. त्यांना वडील किंवा भाऊ मोटरसायकलवर आणून सोडायचे. बाकी तिघींच्या घरी कुणाला वेळ नव्हता. मी एकीच्या घरी फोन केला. तिची आई मला वाईट शब्द बोलली नाही. शांतपणे म्हणाली की मॅडम, पूल पडला असता का नाई ते देवाले माईत, पण पोरीची शाळा त सुटली.

पूल तर उभाच होता. फेब्रुवारी गेला, मार्च आला, तो तसाच उभा. आता मला दोन्ही बाजूंनी भीती वाटायला लागली. तो पडेल याची भीती होतीच. पण कधी कधी शाळेत तास चालू असताना वाटायचं की तो पडणारच नसेल तर? आरशाची काच ती, उन्हानेही तडकली असेल. मी तीन मुलींची शाळा बंद पाडली असेन तर? आणि मग लक्षात यायचं की मी मनातून पूल पडायची वाट बघते आहे. त्या विचाराची मला जितकी भीती वाटली तितकी माश्यांचीही वाटली नव्हती.

मार्चच्या मध्याला कुणीतरी पिंप बाजूला ढकलले. आधी मोटरसायकली जाऊ लागल्या, मग ऑटो, मग गव्हाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर. अभियंता बाई येऊन पिंप परत लावून गेल्या. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजूला झाले. बाबाजींनी मला फोनवर सांगितलं की ते आता सकाळपासून पुलाच्या तोंडाशी बसतात. कुणी ऑटोने आलं की बायामाणसांना उतरून पायी जायला सांगतात. काही उतरतात, काही हसतात. पण म्हातारा माणूस म्हणून शिवी कुणी देत नाही.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही उन्हात बसू नका. आणि त्याच फोनवर विचारलं, काच कशी आहे? त्यांनी नव्या पट्ट्या लावल्या होत्या. ते सांगायचे, आज एक गेली, आज दोन गेल्या, उद्या नवी लावतो. मी ऐकायची आणि वहीत लिहून ठेवायची. पुन्हा कचेरीत जायचं तर हातात काहीतरी असावं म्हणून.

एप्रिलमधली एक सकाळ. सातवीचा तास होता, फळ्यावर मी खडकांचे प्रकार लिहीत होते. फोन वाजला. तासाला मी फोन घेत नाही, पण नाव बघून घेतला.

"मॅडम, पडला," बाबाजी म्हणाले आणि फोन कट झाला.

मी लावला, लागला नाही. पुन्हा लावला, बंद. शेजारच्या वर्गातल्या बाईंना हाताने खूण केली आणि खडू हातात तसाच घेऊन मी बाहेर पडले. तो खडू स्कूटीच्या हँडलवर माझ्या मुठीत होता हे मला अल्लीपूरच्या फाट्यावर कळलं.

तो रस्ता मी शंभरदा गेले असेन. त्या दिवशी तो संपत नव्हता. पडला एवढंच ते म्हणाले होते. त्यावर कोण होतं हे नाही. मी मनात एकेक गाडी त्या पुलावर चढवत होते. ऑटो, त्यात मजुरीला जाणाऱ्या बाया. मोटरसायकल, तिच्यावर माझ्या वर्गातल्या त्या दोघींपैकी एक, मागे दप्तर. आज त्या दोघी प्रार्थनेला होत्या का? मी मोजल्या होत्या का? आठवेना. दरवाजा उघडा ठेवणारा तो चालक आठवला. समोरून एक रुग्णवाहिका आली. स्कूटी बाजूला घेऊन उभी राहिले. ती हळू चालली होती, रिकामी होती, चालक पान खात होता. तरी पुढे निघायला मला दोन मिनिटं लागली.

लांबूनच गर्दी दिसली. पण गर्दीतून रडण्याचा आवाज येत नव्हता. मी कान देऊन तोच ऐकत होते. लोक नुसते उभे होते. पहिली कमान नव्हती. पुलाला तिथे मोठी खाच पडली होती आणि खाली दगडांचा ढीग. त्यावर अजून धूळ तरंगत होती. डांबराचा एक पापुद्रा कडेवरून जिभेसारखा लोंबत होता. मधली कमान उभी होती, तिच्या माश्या मात्र उठल्या होत्या आणि लोक डोक्यावर दुपट्टे, पदर घेऊन लांब उभे होते.

मी पहिल्याच माणसाला विचारलं, कोण होतं? तो म्हणाला, कोणीच नाई. मी दुसऱ्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. तिसऱ्या बाईलाही मी विचारलं. मला खरंच वाटत नव्हतं. ऊन नव्हतं फार, पाऊस नव्हता, पूर नव्हता, वर गाडीसुद्धा नव्हती. तो आपला आपण पडला होता.

बाबाजी त्यांच्या अंगणात बाजेवर बसले होते. अंगभर पांढरी धूळ, भुवयांवरसुद्धा. डाव्या कोपराला खरचटलं होतं. मी जवळ जाऊन हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलू लागले. पुष्कळ बोलले. मला एक शब्द कळला नाही. ते गोंडीत बोलत होते आणि आपण गोंडीत बोलतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. मी मान हलवत होते. त्यांची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने मला सांगितलं.

ते खाली होते. सकाळी काच बघायला गेले होते. एक फुटली होती, तिच्या जागी नवी लावत होते. लावून झाली, बाहेर येऊन नाल्यात वाटी धुवायला बसले आणि मागे पूल खाली आला. उठताना कोपरावर पडले. मला फोन लावला आणि तो हातातून पाण्यात गेला.

ती माझ्याशी कधी फारसं बोलत नसे.

"तुमी रोज फोन करत होत्या न, काच कशी हाये म्हणून," ती म्हणाली. "त्याच्यासाठी जात होते हे. संध्याकाळी तुमाले सांगाले लागते म्हणत."

मी तिथे खाली जमिनीवर बसले. एसटीतल्या मुलींसाठी, ऑटोतल्या बायांसाठी, मला ठाऊक नसलेल्या कितीतरी माणसांसाठी मी इतके महिने भ्याले होते. आणि एका माणसाला मी रोज संध्याकाळी एका प्रश्नाने त्या कमानीखाली पाठवत होते. त्याच्यासाठी मी एक दिवसही भ्याले नव्हते. ते तिथेच राहतात, ते त्या रस्त्याचेच आहेत, त्यांना काय होणार, असं काहीतरी मी धरून चालले असणार. मी स्वतः जानेवारीनंतर एकदाही खाली उतरले नव्हते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बाबाजी सावरले होते, मराठीही परत आली होती. मी त्यांची माफी मागितली. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले की तुम्ही पुसलं नसतं तरी मी गेलोच असतो, चाळीस वर्षं थोच रस्ता पाह्यला. चुलीपाशी बसलेली त्यांची बायको न वळता म्हणाली, "खोटं बोलून राह्यले."

ते हसले. मला हसता आलं नाही. खरं कुणाचं होतं ते मला अजून ठरवता येत नाही आणि विचारायची हिंमत नाही.

मे महिन्यात बाजूने पाइप टाकून कच्चा रपटा झाला. जूनमध्ये एसटी त्यावरून यायला लागली. तीनपैकी दोन मुली परत शाळेत आल्या. तिसरीला मामाकडे वर्ध्याला पाठवलं होतं. ती तिथे शिकते आहे असं ऐकलं. सून सासऱ्याशी बोलू लागली. गावातले लोक मला भेटले की आता चांगलं बोलतात, चहाला बोलावतात. एकाने तर माझा सत्कार करायचं काढलं होतं. मी शाळेचं काम सांगून टाळलं.

मी पूल बघायला अजूनही जाते. फोटो घेते, शेजारी शेजारी लावून बघते, काही वाटलं तर त्या अभियंता बाईंना पाठवते. पण आता कमानीखाली मी उभी राहू शकत नाही. पाय उतारावरच थांबतात.

गेल्या महिन्यात वडनेरच्या बाजूला शेतांच्या मध्ये एक पूल सापडला. दोन कमानींचा, कुणी वापरत नाही असा. खाली थोडं पाणी होतं. एक बाई कमानीच्या सावलीत दगडावर कपडे धूत होती आणि तिची लहानगी पाण्यात टोपलं घेऊन मासे पकडत होती. मी वरून कमानीची डावी बाजू बघितली, उजवी बघितली. भेग दिसली नाही. दगड सगळे जागेवर होते. तरी मी तिला सांगितलं की बाई, जरा बाहेर उन्हात बसून धुवा न. तिने वर बघितलं. काऊन, म्हणाली, इथं सावली हाये.

मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. बांधावर बसून राहिले. शेवटची चादर पिळून होईपर्यंत, पोरीने टोपलं झटकून डोक्यावर घेईपर्यंत, दोघी वर चढून बैलवाटेला लागेपर्यंत. मग मी उठले.